‘श्वास’मधला आजोबा : सांभाळणारा की पालक?

मराठी कथा-चित्रपटांतली आजी बहुधा गोष्ट सांगते आणि आजोबा नातवाचे बोट धरून देवळात नेतात. नातवाच्या आयुष्याचा निर्णय घ्यावा लागणारे आजी-आजोबा तिथे क्वचितच भेटतात. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) मी पुन्हा पाहिला, तो एवढ्याचसाठी.

राष्ट्रीय पुरस्कार आणि ऑस्करसाठी भारतातर्फे झालेली निवड यांमुळे या चित्रपटावर भरपूर लिहिले गेले. त्याचा विषय लहान मुलाचे अंधत्व असे आपण धरून चालतो. मला तो विषय अधिकाराचा वाटतो. कोकणातला आजोबा (अरुण नलावडे) परशुरामला (अश्विन चितळे) शहरातल्या इस्पितळात आणतो. डोळ्यांचा कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. हे मुलाला सांगायचे कोणी? आजोबाची जीभ उचलत नाही. आणि शस्त्रक्रिया लांबताच तो नातवाला घेऊन निघून जातो, डोळे आहेत तोवर जग दाखवायला. इस्पितळाच्या लेखी हा बेजबाबदारपणा. चित्रपट मात्र त्यातच पालकत्व पाहतो, आणि तेही भाषणबाजी न करता. हे त्याचे मोठे यश.

तरीही एक गोष्ट मला खटकते. ‘श्वास’ आजोबाला एका मोठ्या दिवसापुरता पालक करतो. नातवंडे वाढवणे हे असंख्य किरकोळ दिवसांचे काम असते.

हे मी अनुभवातून म्हणतो. माझे आई-वडील बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार. मुकादमाकडून उचल घेतली की दिवाळीच्या सुमारास कोयता निघायचा, तो पाडव्याच्या आसपास परतायचा. आम्ही भावंडे आजीजवळ. एकदा शाळेच्या कागदावर तिने अंगठा उठवला, तर गुरुजी म्हणाले, “म्हातारे, पालकाची सही लागते.” आजी काही बोलली नाही. घरी येऊन तिने भाकरी थापल्या. त्या रात्री मला ताप होता. दवाखान्यात न्यायचे की सकाळची वाट पाहायची, हे तिनेच ठरवले.

गुरुजींचे कायद्याने फारसे चुकले नव्हते. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून वडील आहेत, त्यांच्यानंतर आई आहे, आजी-आजोबा नाहीत. त्यांना पालक व्हायचे तर न्यायालयाची पायरी चढावी लागते.

आपल्या समीक्षेनेही आजी-आजोबांना ‘वात्सल्य’ या एका शब्दात बसवून टाकले आहे. त्या शब्दात जबाबदारी मावत नाही, भीती मावत नाही आणि चुकण्याचा हक्क तर नाहीच. ‘श्वास’ने ही चौकट एकदा मोडली, म्हणून तो मला मोलाचा वाटतो. अंगठा उठवून मुकाट घरी परतणाऱ्या आजीचा चित्रपट मात्र अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही.