आउट होण्याचा हक्क

मुरबाडजवळच्या आमच्या गावात भातकापणी झाली की खाचरं मोकळी व्हायची आणि दिवाळीच्या सुट्टीत तिथेच क्रिकेट सुरू व्हायचं. चुलतभाऊ, शेजारची पोरं आणि मी. संघ पाडताना मला कुणीच मागायचं नाही. मग मोठा दादा म्हणायचा, "हिला कच्चा लिंबू घ्या." काही भागांत यालाच दूधभात म्हणतात. लपाछपीत कच्च्या लिंबूवर राज्य येत नाही, क्रिकेटमध्ये तो आउट होत नाही. तो खेळतो, पण मोजला जात नाही.

एकदा मी पहिल्याच चेंडूवर बोल्ड झाले. मधली काठी उडाली. मी बॅट ठेवून निघाले तर दादा म्हणाला, "अगं थांब, तू कच्चा लिंबू आहेस ना? खेळ." सगळे हसले. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता. तरी मला रडू आलं आणि का आलं ते सांगता येईना. बाद झाल्यावर रडणारी पोरं मी पाहिली होती. मी बाद दिलं नाही म्हणून रडत होते.

हे आठवलं २०२० च्या नोव्हेंबरच्या शेवटी. लॉकडाउनमुळे मी गावी, गच्चीवर रेंज पकडत ऑफिसचं काम करत होते. ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा तो खेळ. त्यात सारा फुलर नावाची मुलगी मैदानात येते, चेंडूला एक किक मारते आणि बाहेर जाते. बस्, एवढंच. आणि त्यावर जगभर गदारोळ.

या खेळात किकर हा वेगळाच प्राणी असतो. बाकीचे धडका देत असतात, तेव्हा हा बाहेर उभा असतो. टचडाउन झालं की आत येतो, चेंडू दोन खांबांमधून मारतो, एक गुण मिळवतो, परत जातो. त्याला विनाकारण आपटलं तर समोरच्या संघाला दंड होतो. म्हणजे संघात असूनही धक्काबुक्कीबाहेरची ही जागा. पुरुषांच्या संघात शिरलेल्या बायका बहुतेक वेळा याच जागेवर दिसतात, हा योगायोग नाही.

फुलर ही व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या मुलींच्या सॉकर संघाची गोलकीपर. कोविडमुळे पुरुषांच्या संघाला किकरची चणचण भासली, म्हणून तिला बोलावलं. २८ नोव्हेंबरला मिसुरीविरुद्ध तिने दुसऱ्या सत्राची पहिली किक मारली. ठरवून मारलेली, कमी उंचीची, साधारण तीस यार्डांची. संघ ४१-० असा हरला. त्या एका किकसाठी तिला स्पर्धेच्या त्या विभागातल्या आठवड्याच्या उत्तम खेळाडूचा मान विभागून मिळाला. इंटरनेटवर निम्मे लोक तिला दंतकथा म्हणत होते, निम्मे टिंगल करत होते. दोघांनीही ती किक साधी किक म्हणून पाहिली नाही. मला आमचं खाचर आठवलं. दोन आठवड्यांनी, १२ डिसेंबरला, टेनेसीविरुद्ध तिने दोन वेळा चेंडू खांबांमधून मारला. प्रत्येकी एक गुण. कुणाही किकरला मिळतो तेवढाच. संघ तेव्हाही हरला, पण फलकावर ते दोन गुण आहेत. माझ्या मते खरी बातमी ती होती, आणि ती पहिलीपेक्षा कमी पाहिली गेली.

सिनेमाला हा फरक कळतो का? मी या विषयावरचे सिनेमे पुन्हा पाहिले. १९९१ च्या 'नेसेसरी रफनेस'मध्ये टेक्ससच्या एका गयावया संघाला किकर हवा असतो, म्हणून मुलींच्या सॉकर संघातली लूसी आणली जाते. भूमिका कॅथी आयर्लंडची, जी तेव्हा नावाजलेली मॉडेल होती. एक प्रतिस्पर्धी तिला मुद्दाम आडवं करतो, ती उठून त्याला नको त्या ठिकाणी लाथ मारते, प्रेक्षक खूश. लक्षात काय राहतं? ती लाथ. तिने मिळवलेले गुण नाहीत. सिनेमाने तिला संघात घेतलं ते विनोद आणि शोभेसाठी.

आपल्याकडचा 'दिल बोले हडिप्पा' (२००९) आणखी सोपी वाट धरतो. राणी मुखर्जीची वीरा पगडी आणि खोटी दाढी लावून वीर होते, तेव्हा कुठे पुरुषांच्या क्रिकेट संघात शिरते. संघात मुलगी का नको, हा प्रश्न दाढीमागे झाकला जातो. तो उघडा पडतो तोवर नायिका इतकी अफाट खेळलेली असते की नाही म्हणायची कुणाची हिंमत उरत नाही. थोडक्यात, जागा हवी असेल तर आधी अफाट व्हा. संघातल्या साधारण मुलांना ही अट कुणी घालत नाही.

'दंगल' (२०१६) या दोघांपेक्षा कितीतरी प्रामाणिक. गीताला मुलांशी कुस्ती खेळवायला आयोजक आधी नकार देतो, मग मुलगी लढणार म्हटलं की गर्दी होईल, या हिशेबाने तयार होतो. ही नजर सिनेमाने अचूक पकडलीय. आणि त्या पहिल्या कुस्तीत गीता हरते. लोक टाळ्या वाजवतात, पण तिला झोप येत नाही. पुढचा दंगल कधी, एवढंच ती बापाला विचारते. माझ्या दृष्टीने हा सबंध सिनेमातला सर्वांत मोलाचा क्षण. टाळ्या तिला पुरत नाहीत, कारण ती हरलीय आणि ते तिला मोजायचंय. दुर्दैवाने शेवटाकडे सिनेमालाच धीर धरवत नाही. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतला गीता फोगटचा अंतिम सामना प्रत्यक्षात बराच एकतर्फी होता. पडद्यावर तो शेवटच्या सेकंदापर्यंत ताणला जातो आणि बापाला खोलीत कोंडलं जातं. साधं हरणं दाखवू शकलेल्या सिनेमाला साधं जिंकणं दाखवता आलं नाही.

या गोष्टी संघनिवडीपासून सुरू होतात आणि विजयापाशी थांबतात. पण विजय न मिळालेल्यांचं काय? २०१३ मध्ये लॉरेन सिल्बरमन ही एनएफएलच्या चाचणीला उतरलेली पहिली स्त्री ठरली. तिने दोन किक मारल्या, दोन्ही वीस यार्डांच्या आतच पडल्या, पाय दुखावला आणि ती थांबली. मग तिची जी थट्टा झाली ती तिच्या एकटीची नव्हती. अशा चाचण्यांत शेकडो पुरुष नापास होतात आणि निमूट घरी जातात. त्यांचं अपयश त्यांच्यापुरतं असतं. तिचं मात्र सगळ्या बायकांच्या खात्यावर लिहिलं गेलं.

केटी नायडाची गोष्ट तर कुठल्याच सिनेमात मावणार नाही. २००३ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठाकडून दोन गुण मिळवून सर्वोच्च विभागात गुण करणारी ती पहिली स्त्री ठरली. २००४ मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं की आधीच्या संघात, कोलोराडोत, सहखेळाडूंनी तिचा छळ केला आणि एकाने तिच्यावर बलात्कार केला. त्यावर तिथले प्रशिक्षक पत्रकारांसमोर काय म्हणाले? की ती फार वाईट खेळाडू होती. त्यांना काही काळ पदावरून दूर ठेवलं गेलं, पण ते वाक्य विसरता येत नाही. आरोप होता माणसांच्या वागण्याचा आणि उत्तर दिलं गेलं तिच्या किकचं. जिची जागा रोज नव्याने सिद्ध करावी लागते, तिची तक्रारही गुणपत्रिका पाहून ऐकली जाते.

मग हे नीट घडलेलं कुठे दिसतं? मला ते अमेरिकेत नाही, मुंबईत सापडलं आणि तेही १९७६ साली. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी, बुद्धिबळ खेळायच्या. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीने जिंकली आणि पुढची अनेक वर्षं हे अजिंक्यपद घरातच फिरत राहिलं. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. अशी ती पहिलीच. मोठा वाद झाला. इथे ना धडक होती ना वजनगट, समोर फक्त चौसष्ट घरं होती. तरीही विरोध झालाच, यावरून कळतं की प्रश्न नेहमी ताकदीचा नसतो. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष आणि माजी जगज्जेते मॅक्स यूवे यांनीही निर्वाळा दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधून स्त्रियांना वगळता येणार नाही.

आणि पटावर काय झालं? रोहिणीने तीन राज्यविजेत्यांना हरवलं. स्पर्धा मात्र जिंकली नाही. मला या गोष्टीत हेच आवडतं. तिने काही डाव जिंकले, काही गमावले आणि प्रत्येक डावाचा गुण रीतसर मांडला गेला. १९८१ मध्ये हैदराबादला ती आशियाई महिला विजेती झाली, पण १९७६ चा तिचा हक्क त्या विजेतेपदावर अवलंबून नव्हता. तो आधीच नियमाने मिळाला होता.

यातून मला एक साधं सूत्र दिसतं. आत येण्यासाठी नियम हवा आणि आत आल्यावर सवलत नको. सिनेमे बरोब्बर उलटं करतात. नायिकेला आत आणायला दाढी, चमत्कार किंवा गर्दीचा हिशेब वापरतात आणि आत आल्यावर पटकथाच तिला बाद होऊ देत नाही. म्हणजे पुन्हा कच्चा लिंबू.

शरीराचा मुद्दा मी टाळत नाही. धावणं, कुस्ती, वेगवान गोलंदाजी यांत फरक आहे, म्हणूनच महिलांच्या वेगळ्या स्पर्धा हव्यात आणि त्यांना पैसाही हवा. पण जिथे एखादी स्वतःहून चाचणी द्यायला येते, तिथे फूटपट्टी सगळ्यांना एकच असावी, आणि ती अपुरी पडली तर तेवढंच म्हणावं की ही खेळाडू अपुरी पडली.

हे लिहिणं सोपं आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसच्या बॉक्स क्रिकेटमध्ये नियम होता की संघात दोन मुली हव्यात, त्यांना गोलंदाजी अंडरआर्म आणि त्यांच्या धावा दुप्पट. मी आयोजकांना म्हटलं, हे काढा. त्यांनी लगेच मानलं आणि सगळंच काढलं, दोन मुलींची अटसुद्धा. त्या वर्षी आठ संघांत मिळून एकही मुलगी खेळली नाही. मीही नाही. एक मैत्रीण चिडून म्हणाली, "मिळत होतं तेही घालवलंस." तिचं चूक नव्हतं. सवलत आणि प्रवेश यांची गाठ इतकी घट्ट मारलेली असते की एक सोडवायला गेलं तर दुसरंही सुटतं.

म्हणून पुढच्या वर्षी मी मागणी बदलली. दोन जागा ठेवा, दुप्पट धावा काढा, गोलंदाजी सगळ्यांना सारखी. तीन मीटिंगा झाल्या. "मुलींना लागलं तर?" असं विचारणाऱ्याला मी विचारलं की मुलांना लागलं तर काय करता. शेवटी ते मान्य झालं. मी चौथ्या क्रमांकावर गेले, चार धावा केल्या आणि झेलबाद झाले. गोलंदाज हात वर करून ओरडला, त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला मिठी मारली. माझी विकेट त्यांना हवी होती.

२०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बतुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी गोव्यात झालेल्या खुल्या विश्वचषकात ती खास प्रवेशिकेवर खेळली आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडली. मी ते सामने कल्याणहून मुरबाडला येणाऱ्या एसटीत मोबाइलवर पाहिले. ती हरली, वाईट वाटलं. पण तिला तिथे का घेतलं, असं शेजारच्या सीटवर डोकावणाऱ्या काकांनीही विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "समोरचा कोण होता?"