फोकस कुणाचा?

मावसभावाचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅबमध्ये होतो. "दादा, कॅमेरा घ्यायचाय. सेकंडहँड १२००डी स्वस्तात मिळतोय. का थोडं थांबून मिररलेस घेऊ? तुझ्याकडं दोन्ही आहेत, तूच सांग."

मी एका शब्दात उत्तर टाकलं, "मिररलेस", आणि वर अंगठा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये विचार करायला भरपूर वेळ असतो. चौकात पोचेपर्यंत ते उत्तर मला खुपायला लागलं होतं.

आधी दोन्ही यंत्रांची ओळख करून देतो. कॅनन १२००डी २०१४ साली आला. १८ मेगापिक्सेल, फोकसचे ९ पॉइंट, सेकंदाला ३ फोटो, वायफाय नाही, मागची स्क्रीन जागची हलत नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना बाबांनी तो हप्त्यावर घेऊन दिला. कॅनन आर५० २०२३चा. २४ मेगापिक्सेल, चौकटीत जवळपास कुठंही फोकस, सेकंदाला १२ ते १५ फोटो, ४के व्हिडिओ. बॅटरी-कार्डासकट ३७५ ग्रॅम. जुन्याचं वजन ४८० ग्रॅम. हा मी माझ्या पगारातून घेतला.

दोघांतल्या सेन्सरचा आकार मात्र एकच आहे, २२.३ बाय १४.९ मिलिमीटर. म्हणून मी एकदा गच्चीवरून तोच देखावा दोन्ही कॅमेऱ्यांनी काढला. लेन्सही तीच, जुनी ५० मिलिमीटर एफ/१.८, नव्याला अडॅप्टर लावून. फाइलची नावं लपवून बहिणीला दाखवले. तिला ओळखता आले नाहीत आणि खरं सांगायचं तर मलाही. संध्याकाळ झाल्यावर गोष्ट बदलते. आयएसओ ३२००च्या पुढं जुन्याच्या सावल्यांमध्ये रंगीत वाळू पसरते, नवा शांतपणे निभावून नेतो. पण भर दुपारी फोटोकडं बघून 'हा नवीन कॅमेऱ्याचा' असं कुणी छातीठोकपणे म्हणालं तर हसून सोडून द्या.

मग मोबाइलच का नको? बहुतेक वेळा मोबाइलच बरा. तो एका क्लिकमागं अनेक फ्रेम घेतो, त्या जोडतो, आकाश गडद करतो, चेहरा उजळतो. हे दोन्ही कॅमेरे एका क्लिकला एक फ्रेम घेतात आणि बाकीचं तुमच्यावर सोडतात. निदान मी इतकी वर्षं तसं समजत होतो.

डीएसएलआरच्या पोटात आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर पाठवतो, आणि व्ह्यूफाइंडरमधून तुम्ही तोच प्रकाश बघता. बॅटरी काढून ठेवली तरी दिसतं. आरसा थोडा पारदर्शक असतो. त्यातून गेलेला प्रकाश मागच्या एका लहान आरशावर आणि तिथून खाली तळाशी बसवलेल्या फोकसच्या सेन्सरवर पडतो. बटण दाबलं की दोन्ही आरसे वर जातात, खटाक, आणि तेवढा वेळ डोळ्यासमोर अंधार. म्हणजे जो क्षण फोटोत आला तो सोडून बाकीचे सगळे तुम्ही पाहिलेले असतात. मिररलेसमध्ये आरसाच नाही. सेन्सर सतत बघत असतो आणि तुम्ही डोळा लावता तो एका चिमुकल्या स्क्रीनला. फोटो उजळ येणार की काळा, हे बटण दाबायच्या आधीच कळतं. आमच्या भाषेत सांगायचं तर पूर्वी कोड लिहून बिल्डची वाट बघायचो, आता टाइप करतानाच खाली लाल रेघ येते. चुका कमी होतात, यात वादच नाही.

एक तक्रार मात्र नोंदवून ठेवतो. १२००डीसोबत १८-५५ची लेन्स यायची, एफ/३.५ ते ५.६. आर५०सोबत येते १८-४५, एफ/४.५ ते ६.३. म्हणजे नवी लेन्स कमी झूमची आणि जास्त अंधारी. जुन्या कॅमेऱ्याची फोकसची यंत्रणा एफ/५.६हून अंधारी लेन्स असली की भरवशाची राहत नसे. आता मुख्य सेन्सरच फोकस करतो, त्यामुळं अंधारी लेन्स खपून जाते. लेन्स लहान होते, पिशवी हलकी होते, हे खरंय. पण रात्रीच्या उजेडात सेन्सरनं जे कमावलं त्यातलं बरंच लेन्सनं परत घालवलं. नवा कॅमेरा घेणाऱ्याला हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही.

मला खुपत होतं ते मात्र वेगळंच. त्यासाठी दोन फोल्डर उघडावे लागले.

आमचं घर सासवडला. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून निघते, दिवे घाट चढते आणि सासवडला मुक्कामाला येते. २०१६मध्ये मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन घाटात बसलो. त्या फोल्डरमध्ये तीनशेच्या आसपास फोटो आहेत. निम्मे हललेले, काही निव्वळ पांढरे. उरलेल्यांत काय आहे? पाय. भेगाळलेल्या टाचा. डोक्यावरचं तुळशीवृंदावन, पाठीमागून. दोन टाळ एकमेकांना भिडायच्या बेतात असलेले. धोतराला लागलेला चिखल. ओल्या इरकलीचा काठ.

यात माझी काही थोर दृष्टी वगैरे नव्हती. नऊ पॉइंट चौकटीच्या मध्यावर गोळा झालेले, त्यातला मधला एकच खरा भरवशाचा. चालत्या माणसाचा चेहरा त्यावर धरून ठेवणं मला जमायचं नाही. मग मी रस्त्यावरची एक जागा फोकस करून ठेवायचो आणि तिथं काय येतं याची वाट बघायचो. जे यायचं ते फोटोत.

२०२४चं फोल्डर चौदाशे फोटोंचं आहे. जवळजवळ सगळे लख्ख. पहिली दहा मिनिटं मी खूश होतो. शंभरेक फोटो बघून झाल्यावर लक्षात आलं की मी चौदाशे वेळा एकच फोटो काढलाय. चेहरा, डोळे धारदार, मागं सगळं धूसर. म्हातारा चेहरा, तरुण चेहरा, बुक्का लावलेला चेहरा, पावसात हसणारा चेहरा.

आर५०चा फोकस डीप लर्निंगवर चालतो. माणूस, प्राणी, गाडी ओळखतो, आणि माणूस दिसला की त्याच्या डोळ्यावर चौकोन बसवतो. मी टाळांकडं कॅमेरा वळवला की मागून येणाऱ्या एखाद्या काकांच्या डोळ्यावर तो चौकोन जाऊन बसायचा. दोनतीनदा मी त्याच्याशी झगडलो असेन. नंतर हात आपोआप चौकोनाच्या मागं जायला लागला. जिथं तो, तिथं मी. चौकट माझी होती, पण तिच्यात महत्त्वाचं काय, हे आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं होतं.

मला हे त्याच दिवशी कळायला हवं होतं. डिफॉल्ट म्हणजे कुणाचा तरी निर्णय असतो आणि बहुतेक लोक तो कधीच बदलत नाहीत, यावर तर आमच्या मीटिंगा चालतात.

इथं थांबलो तर जुन्या कॅमेऱ्याची आरती होईल. इन्स्टावर ती रोज होतेच. जुना डीएसएलआर घ्या, खरी फोटोग्राफी शिका, शिस्त लागते. माझा त्यावर विश्वास नाही. ज्यांना शिस्त लागली ते रील बनवतात. ज्यांचे फोटो सारखे फसले त्यांनी कॅमेरा कपाटात ठेवला. आमच्या कॉलेजच्या क्लबमधल्या सहापैकी चौघांनी तेच केलं.

आणि माझ्याकडं आजी आहे.

२०१६च्या त्या फोल्डरच्या शेवटी आमच्या स्वयंपाकघरातले अकरा फोटो आहेत. त्या दिवशी घरी वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरी असायची आणि सकाळपासून आजी चुलीशी. त्यातला एक फोटो मी आजवर काढलेला सर्वांत चांगला फोटो आहे. आजीचे हात भाकरी मोडतायत, वाफ निघतेय, बोटांना पीठ. बाकीचे दहा तिच्या चेहऱ्याचे आहेत आणि दहाच्या दहा फसलेत. चूक माझीच. अंधारात एफ/१.८वर मधल्या पॉइंटनं डोळा पकडायचा आणि मग कॅमेरा हलवून चौकट जुळवायची, अशी माझी पद्धत. इतक्या जवळून त्या लेन्सवर बोटभरही खोली धारदार राहत नाही. जरा हललं की फोकस डोळ्यावरून घसरतो. एका फोटोत आजीच्या बुगडीचे मोती मोजता येतात. डोळे मात्र पाण्यात बुडाल्यासारखे.

२०२१मध्ये आजी गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधायची वेळ आली तेव्हा घरातला एकमेव कॅमेरावाला मी, आणि माझ्याकडं बुगडी होती. शेवटी आत्याच्या मोबाइलमधला कुठल्याशा लग्नातला ग्रुप फोटो सापडला. त्यातून आजी कापून मोठी केली. हॉलमध्ये हाराखाली जो फोटो आहे त्यात तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे. नीट बघितलं तर चार बोटं दिसतात.

त्या स्वयंपाकघरात माझ्या हातात आर५० असता तर आजीचे डोळे दहाही फोटोंत लख्ख आले असते. चौकोन तिच्या डोळ्यावर बसला असता आणि हलला नसता. मग त्या हातांचा फोटो निघाला असता का? बहुधा नाही. तो मी काढला कारण चेहऱ्याचे सगळे फसत होते आणि वैतागून मी कॅमेरा खाली वळवला होता. या दोनपैकी एकच मिळणार असेल तर कुठला हवा, असं आईला विचारायची माझी हिंमत नाही. तिचं उत्तर मला माहीत आहे.

आर५०च्या मेन्यूत ही ओळखायची सोय बंद करता येते. मग फोकसचा एकच लहान चौकोन उरतो आणि तो कुठं न्यायचा ते तुम्ही ठरवता. त्यासाठी या कॅमेऱ्यावर वेगळी जॉयस्टिक नाही. डोळा व्ह्यूफाइंडरला लावून मागच्या स्क्रीनवर अंगठा फिरवावा लागतो. मी डावा डोळा लावतो, त्यामुळं मधूनमधून माझं नाकच फोकस ठरवतं. गेल्या वर्षी दिवे घाटात सोय बंद करून अर्धा दिवस काढला. दोनशे फोटो निघाले, बरेच फसले. पाय पुन्हा आले. एका पखवाजाच्या शाईवर पावसाचा थेंब पडलेला आलाय, तो मला आवडतो.

भावाला मी दुसरा मेसेज केला. मिररलेसच घे, पण पैसे द्यायच्या आधी महिनाभर माझा जुना घेऊन जा. बॅटरी चार्ज करून ठेवलीय, ५०ची लेन्सही ने. त्यानं लिहिलं, "दादा, महिन्यात ऑफर संपेल." त्याचंही बरोबर आहे.

त्या दिवशी घाटातून घरी आलो तेव्हा चार वाजले होते. चुलीची जागा गॅसनं कधीच घेतलीय, पण भाकऱ्यांची चळत तेवढीच. आजीच्या जागी आई बसली होती. मी सवयीनं तिच्या हातांकडं कॅमेरा नेला. मग दारातच उभं राहून मेन्यू उघडला आणि ती सोय पुन्हा सुरू केली.

चौकोन सरळ आईच्या डोळ्यावर गेला. "थांब रे," आई म्हणाली, "पदर तरी नीट करू दे."