साक्ष आणि पुरावा : सोन्याच्या पत्र्यांच्या निमित्ताने

मराठीत आपण ‘साक्षीपुरावा’ असा एकच शब्द करून टाकला आहे. कोर्टकचेरीत तो सोयीचाही आहे. पण माणूस एक सांगतो आणि वस्तू दुसरेच सांगते, तेव्हा काय करायचे, हा प्रश्न त्या जोडशब्दात झाकला जातो. मॉर्मन पंथाचा इतिहास वाचताना मला तो प्रश्न टाळता आला नाही. बहुतेक मोठ्या धर्मांचे उगम काळाच्या धुक्यात आहेत. हा पंथ मात्र छापखान्याच्या आणि वर्तमानपत्रांच्या काळात जन्मला. त्याच्या साक्षीदारांची नावे, नाती आणि भांडणेसुद्धा आपल्याला ठाऊक आहेत.

न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायराजवळच्या एका टेकडीतून, देवदूताच्या सांगण्यावरून, १८२७ साली आपल्याला सोन्याचे कोरीव पत्रे मिळाले, असे जोसेफ स्मिथ या शेतकऱ्याच्या मुलाने सांगितले. त्या लेखाचा अनुवाद म्हणून १८३० साली ‘बुक ऑफ मॉर्मन’ छापले गेले. इसवी सनापूर्वी सहाशेच्या सुमारास जेरुसलेम सोडून अमेरिकेत पोहोचलेल्या एका कुटुंबाची आणि त्याच्या वंशजांची ही कथा. पत्रे देवदूताने परत नेले. मागे राहिली ती साक्ष.

पुस्तकासोबत दोन निवेदने छापलेली आहेत. पहिल्यावर ऑलिव्हर काउडरी, डेव्हिड व्हिटमर आणि मार्टिन हॅरिस या तिघांची नावे आहेत. त्यात देवदूत आहे, आकाशवाणी आहे. दुसरे आठ जणांचे. त्यात चमत्कार नाही. पत्रे पाहिले, हाताळले, उचलून वजनाचा अंदाज घेतला, एवढेच. मला हे दुसरे निवेदन अधिक वजनदार वाटते, कारण ते कमी बोलते. स्मिथची पत्नी एमा हिची उतारवयातली आठवणही त्याच जातीची आहे. कापडाखाली ठेवलेल्या पत्र्यांना आपण स्पर्श केला, कडा अंगठ्याने चाळवल्या की धातूचा आवाज येई, असे तिने सांगितले. घर आवरणाऱ्या बाईची ही आठवण. ती सहजी झटकून टाकता येत नाही.

तरीही संहिता म्हणून ही निवेदने तपासली पाहिजेत. अकरा जणांची अकरा कथने आपल्यासमोर नाहीत. दोनच मसुदे आहेत आणि त्यांखाली नावे आहेत. मसुद्यात तारीख नाही, स्थळ नाही. आठांपैकी चौघे व्हिटमर बंधू, पाचवा त्यांचा मेहुणा. उरलेले तिघे स्मिथचे वडील आणि दोन भाऊ. हॅरिसने पत्रे चर्मचक्षूंनी नव्हे, दर्शनात पाहिल्याचे कबूल केले, असे १८३८ सालच्या एका पत्रात नोंदलेले आहे. पण ती ऐकीव नोंद आहे, आणि ऐकीव गोष्टीला ऐकीव म्हणूनच तोलावे.

साक्षीदारांच्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा त्यांच्या भांडणांतून येतो. पहिले तिघेही १८३८ च्या सुमारास पंथाबाहेर पडले. काउडरी आणि हॅरिस पुढे परतले. व्हिटमर कधीच परतला नाही. स्मिथशी वैर धरूनही १८८८ मध्ये मरेपर्यंत आपण जे पाहिले ते पाहिलेच, असे तो सांगत राहिला. खोटे रचणारी टोळी फुटली की कोणीतरी बोलतोच, हा आपला व्यवहारातला अनुभव. इथे तसे झाले नाही. म्हणून त्यांना लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण प्रामाणिकपणा म्हणजे अचूकपणा नव्हे. स्मिथच्या मृत्यूनंतर जेम्स स्ट्रँग नावाच्या दावेदाराने १८४५ साली विस्कॉन्सिनमध्ये जमिनीतून पितळी पत्रे काढले. त्यांनाही सही करणारे साक्षीदार मिळाले. खुद्द मार्टिन हॅरिस १८४६ मध्ये स्ट्रँगच्या बाजूने प्रचार करायला इंग्लंडला गेला. आज मुख्य मॉर्मन पंथ स्ट्रँगला मानत नाही. म्हणजे साक्षीदारांच्या सह्या तेवढ्याने पुरत नाहीत, हे पंथालाही एका परीने मान्य आहे.

आता वस्तूंकडे वळू. सोन्याचे पत्रे नाहीत, पण दुसरी एक वस्तू आहे. १८३५ साली स्मिथच्या मंडळींनी २४०० डॉलरना चार इजिप्शियन ममी आणि काही पपायरस विकत घेतले. त्यांतून अनुवादलेले म्हणून ‘बुक ऑफ अब्राहम’ १८४२ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ कागद जळाले असे मानले जात होते. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सापडले आणि १९६७ मध्ये अकरा तुकडे चर्चला देण्यात आले. इजिप्तविद्येच्या जाणकारांनी ते वाचले. मृतांसोबत पुरलेले, त्यांच्या परलोकयात्रेचे ते मंत्र निघाले; त्यांतले काही होर नावाच्या पुरोहिताचे होते. अब्राहमचा त्यांत उल्लेख नाही. या तुकड्यांवरचा मजकूर स्मिथच्या अनुवादाशी जुळत नाही, हे चर्चनेही २०१४ च्या निबंधात मान्य केले. मूळ भाग हरवला असेल, किंवा पपायरस हे केवळ साक्षात्काराचे निमित्त असेल, असे दोन बचाव उरतात. दुसरा बचाव मान्य केला, तर ‘अनुवाद’ या शब्दाचा अर्थच बदलतो.

वस्तू एकाच बाजूला बोलतात असे नाही. येमेनमध्ये मारिबजवळ सापडलेल्या प्राचीन वेदीवर ‘नहम’ या टोळीनामाशी जुळणारी अक्षरे आहेत आणि बुक ऑफ मॉर्मनमध्ये अरबी प्रवासातले त्याच ध्वनीचे एक ठिकाण आहे. हा मुद्दा उपेक्षणीय नाही. मात्र तीन व्यंजनांच्या जुळणीसमोर कोलंबसपूर्व अमेरिकेत न सापडणारे घोडे, गहू आणि पोलाद ठेवले की तराजू कुठे झुकतो ते दिसते.

आणि वस्तूही खोटे बोलतात. १९८० च्या दशकात मार्क हॉफमनने आरंभीच्या मॉर्मन इतिहासाची बनावट कागदपत्रे विकली. जाणकार फसले, चर्चही फसले. पितळ उघडे पडू नये म्हणून त्याने ऑक्टोबर १९८५ मध्ये बॉम्ब पेरून दोन जीव घेतले. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली शाईला पडलेल्या भेगांनी त्याला पकडून दिले. वस्तूचा खोटेपणा वस्तूनेच उघड केला, आणि तेही पुन्हा पुन्हा तपासता येईल अशा रीतीने. साक्षीला ही सोय नसते.

आपल्या न्यायदर्शनाने शब्द हे प्रमाण मानले, पण ते आप्ताचे: ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, त्याचे. ही कसोटी मला इथे नेमकी वाटते. आठ जणांनी साक्षात जाणले ते वजन आणि कोरीव खुणा. त्या कोणी कोरल्या, केव्हा कोरल्या, हे त्यांनी जाणले नव्हते. आजचा श्रद्धावान प्रार्थना करतो, हृदयात ऊब अनुभवतो आणि पुस्तक खरे असल्याची साक्ष सभेत उभा राहून देतो. तो स्वतःच्या हृदयाचा आप्त आहे. प्राचीन अमेरिकेचा नाही.

हे लिहिताना मला थॉमस स्टुअर्ट फर्ग्युसन आठवत राहतो. कॅलिफोर्नियातल्या या वकिलाने १९५२ मध्ये उत्खननासाठी संस्था काढली. मेक्सिकोत चियापासच्या मातीतून आपल्या ग्रंथाचा पुरावा निघेल अशी त्याची खात्री होती. पुरातत्त्वाला उत्तम साहित्य मिळाले. त्याला हवे होते ते मिळाले नाही. मग पपायरस आले आणि त्याचा विश्वास ढळला. खासगी पत्रांत तो हे लिहीत राहिला, तरी चर्चला जाणे त्याने सोडले नाही. अनेक जण त्याला दुटप्पी म्हणतील. मला तो या कहाणीतला सर्वांत प्रामाणिक माणूस वाटतो. ज्यावर विश्वास ठेवला त्यासाठी त्याने कुदळ मारली, आणि कुदळीने दिलेले उत्तर ऐकून घेतले.