इंजिनाचे प्रगतिपुस्तक

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात तयार होणाऱ्या पेट्रोल किंवा डिझेलच्या नव्या मोटारीत स्टिअरिंगच्या खाली वाकून पाहिले, तर सोळा पिनांचे एक सॉकेट दिसते. त्याला योग्य उपकरण जोडले की इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक प्रश्नांना उत्तरे देऊ लागतो. इंजिन किती तापले आहे, मिनिटाला किती फेरे होत आहेत, कोणता संवेदक बिघडला आहे, हे त्यातून कळते. या व्यवस्थेला ओबीडी, म्हणजे वाहनातच बसवलेली निदानयंत्रणा, असे म्हणतात. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून तिचे दुसरे रूप सक्तीचे झाले. आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर ती मोटारींत आली आणि एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ लागू झाल्यावर दुचाकींतही तिचा पहिला टप्पा आला. इंजिनाचे हे प्रगतिपुस्तक कसे आखले आहे, त्यात चांगले काय आणि उणे काय, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम चांगले. आखणी करणाऱ्यांपुढे अडचण अशी होती की पुढे कोणते संवेदक येतील हे आज माहीत नाही आणि प्रत्येक गाडीत सगळे संवेदक असणारही नाहीत. त्यांनी प्रश्नांना क्रमांक दिले. पाचवा प्रश्न शीतक द्रवाच्या तापमानाचा, बारावा फेऱ्यांचा, तेरावा वेगाचा. पण सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शून्य क्रमांकाचा. तो विचारतो, ‘१ ते ३२ पैकी कोणत्या प्रश्नांची उत्तरे तुला देता येतात?’ उत्तरादाखल बत्तीस बिटे येतात. १ म्हणजे येते, ० म्हणजे येत नाही. त्यातले शेवटचे बिट बत्तिसाव्या प्रश्नाचे, आणि बत्तिसावा प्रश्न असा की, ‘३३ ते ६४ पैकी कोणते येतात?’ म्हणजे पुढचे पान आहे की नाही, हे प्रत्येक पानाच्या शेवटी लिहिलेले असते. जुने उपकरण नव्या गाडीला जोडले तरी गोंधळत नाही. त्याला माहीत असलेले प्रश्न ते विचारते, बाकीचे सोडून देते. वाढीसाठी जागा ठेवणे म्हणजे काय, याचे याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

उत्तरांची मांडणीही वर्गात नेण्याजोगी आहे. तापमानासाठी एकच बाइट, म्हणजे ० ते २५५ मधील एक संख्या मिळते. तिच्यातून ४० वजा केले की अंश सेल्सिअस मिळतात. चाळीसच का वजा करायचे, हा प्रश्न आठवीच्या मुलांना जरूर विचारावा. चाकणच्या हवेत ऋण तापमानाची गरज पडत नाही, पण तीच गाडी हिवाळ्यात लेहला जाऊ शकते. म्हणून मोजपट्टी -४० पासून २१५ अंशांपर्यंत सरकवून ठेवली आहे. फेऱ्यांना एक बाइट पुरत नाही, म्हणून दोन घेतले. पहिल्या बाइटला २५६ ने गुणायचे, दुसरा मिळवायचा आणि ४ ने भागायचे. बाइट १२ आणि १२८ आले, तर ३२०० भागिले ४, म्हणजे ८०० फेरे. इंजिन नुसते चालू आहे.

आणखी एक गुण असा की प्रश्नांची यादी तारांवर अवलंबून ठेवली नाही. सुरुवातीला वेगवेगळ्या कंपन्यांच्या तारांच्या पद्धती वेगळ्या होत्या. नंतर बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केलेली ‘कॅन’ ही दोन तारांची पद्धत सर्वत्र रुळली. तार बदलली, तरी पाचवा प्रश्न तापमानाचाच राहिला.

आता उणे. पहिली उणीव अशी की सक्तीचा भाग मुख्यतः धुराशी संबंधित माहितीपुरता आहे. ब्रेक, एअरबॅग वगैरेंची माहिती प्रत्येक कंपनी आपापल्या सांकेतिक भाषेत ठेवते. वाढीची मोकळी जागा सर्वांसाठी ठेवली होती. तिच्यात ज्याने त्याने स्वतःचे कुंपण घातले. भोसरीतल्या छोट्या गॅरेजवाल्याची अडचण इथे सुरू होते.

दुसरी उणीव मूलभूत आहे. इथे उत्तरपत्रिका लिहिणारा आणि ती तपासणारा एकच आहे: तोच नियंत्रक. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने उघड केले की फोक्सवॅगनच्या काही डिझेल गाड्यांतील सॉफ्टवेअर स्टिअरिंगची स्थिती, वेग यांसारख्या खुणांवरून चाचणी चालू असल्याचे ओळखत होते. चाचणीत गाडी रुळांवर जागच्या जागी धावते, स्टिअरिंग वळत नाही. तेवढ्यापुरता धूर नियमात राही. रस्त्यावर मात्र नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात. डॅशबोर्डवरचा दिवा लागण्याचे कारणच नव्हते, कारण नियंत्रकाच्या लेखी काहीच बिघडलेले नव्हते. चोरीचा माग लागला तो गाडीसोबत रस्त्यावर नेलेल्या स्वतंत्र मापन-उपकरणांमुळे.

हे प्रकरण आपल्या दारापर्यंत आले. या कंपनीचा कारखाना २००९ पासून चाकणला आहे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने इथल्या गाड्यांची तपासणी केली. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या; पोलो आणि व्हेंटो त्यांत होत्या. भारतातील नियम आपण मोडलेले नाहीत, अशी कंपनीची भूमिका होती. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड सुनावला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला मनाई केली.

या यंत्रणेत प्रश्न वाढवण्याची सोय उत्तम आहे, पण उत्तर बाहेरून पडताळण्याची सोय तिच्यात नाही. हजार नवे प्रश्न जोडले, तरी सॉफ्टवेअर बंद पेटीत असेल तर खरेपणाची हमी वाढत नाही. एप्रिल २०२३ पासून भारत स्टेज ६ च्या दुसऱ्या टप्प्यात वाहनाची प्रत्यक्ष रस्त्यावर, सोबत नेता येणाऱ्या उपकरणांनी चाचणी सुरू झाली, ती याच उणिवेवरचा उपाय आहे. प्रयोगशाळेत आपण मुलांना एका उपकरणाचे वाचन दुसऱ्याने ताडून पाहायला शिकवतो. नियंत्रक बनवणाऱ्यांनीही ही सवय आखणीतच घालून ठेवायला हवी होती.