‘केस’ या चित्रपटातील मुलाची भाषा

केन लोच यांनी दिग्दर्शित केलेला ‘केस’ (१९६९) हा इंग्रजी चित्रपट बॅरी हाइन्स यांच्या १९६८ मधील कादंबरीवर आधारलेला आहे. यॉर्कशायरमधील बार्न्सली या कोळसाखाणींच्या गावातील बिली कॅस्पर हा त्याचा नायक होय. बाप घर सोडून गेलेला, थोरला भाऊ खाणीत. शाळा संपताच आपल्याही वाट्याला खाणच येणार, ही धास्ती. बिली केस्ट्रेल जातीचा ससाणा पाळतो. त्या नावाचाच संक्षेप ‘केस’. दारिद्र्याचे करुण चित्र म्हणून या कृतीची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. तथापि तिचा खरा विषय दारिद्र्य नसून बोलण्याचा अधिकार हा आहे.

शाळेच्या लेखी बिली मंद आहे. मुख्याध्यापक मुलांना छड्या मारतात, तेव्हा केवळ निरोप घेऊन आलेला एक लहान मुलगाही मार खातो. त्याचे म्हणणे ऐकूनच घेतले जात नाही. पुढे फार्दिंग हे शिक्षक बिलीला वर्गात ससाण्याविषयी सांगावयास लावतात. तोच मुलगा आता पक्ष्याच्या पायांतील चामडी वाद्यांपासून त्याच्या पहिल्या मुक्त उड्डाणापर्यंतचे क्रमवार निरूपण करतो. बोली बार्न्सलीचीच राहते. परिभाषा मात्र अचूक असते. ज्या पुस्तकातून त्याने ती मिळविली, ते ग्रंथालयाने न दिल्यामुळे दुकानातून चोरलेले असते.

श्रमिकांच्या मुलांची भाषा ‘मर्यादित संकेता’ची असते, हे बेझिल बर्नस्टाइन यांचे प्रतिपादन त्या काळी प्रभावी होते. उलट, हार्लेममधील कृष्णवर्णीय मुले परीक्षकासमोर मुकी होतात आणि प्रसंग पालटताच मोकळेपणाने बोलतात, हे विल्यम लबॉव्ह यांनी १९६९ मध्येच दाखविले. वर्गातील हा प्रसंग लबॉव्ह यांच्याच बाजूने साक्ष देतो. उणीव मुलाच्या भाषेत नसून ऐकणाऱ्याच्या भूमिकेत असते.

दिग्दर्शकाचा कठोर प्रामाणिकपणा यापुढे दिसतो. नोकरीविषयक सल्ला देणारा अधिकारी बिलीची आवड विचारतो, तेव्हा ससाण्याचे नावही त्याच्या तोंडून निघत नाही. पैज न लावल्याच्या रागाने भाऊ तो पक्षी मारून टाकतो. फार्दिंग यांचा जिव्हाळा खरा असला, तरी तो एका व्यक्तीपुरता राहतो. संस्था बदलत नाही. एका सहृदय शिक्षकाने सारे पालटते, असा सोयीचा दिलासा हा चित्रपट देत नाही, यातच त्याचे मोल आहे.