वाणिज्येतर पदवीधरांसाठी एकवर्षीय व्यवस्थापन पदव्युत्तर पदवी : एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : नागपूर व विदर्भ)

सारांश

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीमुळे चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षात पदव्युत्तर पदवी संपादन करण्याचा मार्ग खुला झाला आहे. कला, विज्ञान व मानव्यविद्या शाखांतील नव्या पदवीधरांना याच मार्गाने व्यवस्थापनाचे शिक्षण द्यावे, असा विचार त्यातून पुढे येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात या कल्पनेची चिकित्सा केली आहे. परदेशातील अशी पदवी व्यवस्थापनाचा आरंभ म्हणून रचली गेली, तर महाराष्ट्राच्या आराखड्यातील एकवर्षीय पदवी ही द्विवर्षीय पदवीचा उत्तरार्ध आहे. हा भेद दुर्लक्षिला गेल्यास वाणिज्येतर विद्यार्थ्याच्या हाती पदवी येईल, पण विषय येणार नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : एकवर्षीय पदव्युत्तर पदवी, वाणिज्येतर पदवीधर, श्रेयांक, कार्यप्रशिक्षण, विदर्भ.

१. प्रस्तावना

भारतातील व्यावसायिक शिक्षणाचा इतिहास पाहता वाणिज्य आणि व्यवस्थापन या दोन धारा भिन्न काळी व भिन्न हेतूंनी उगम पावल्या, असे दिसते. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ मध्ये सुरू झाले. नागपूरला गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय १९४५ मध्ये आले. या संस्थांचा विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षापासून हिशेब, बँकिंग व व्यापारी कायदा शिकत असे. व्यवस्थापनाची धारा नंतरची आहे. कोलकाता व अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये, तर मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश आणि दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम हे या धारेचे वैशिष्ट्य होय. नागपूरलाही भारतीय व्यवस्थापन संस्था २०१५ मध्ये आली व २०२२ मध्ये तिच्या मिहान येथील कायमस्वरूपी परिसराचे उद्घाटन झाले.

म्हणजेच वाणिज्येतर पदवीधराला व्यवस्थापनाचे दार आजवर बंद होते, असे नाही. महाराष्ट्रातील एमबीए व एमएमएसची सामायिक प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. म्हणून प्रश्न प्रवेशाचा नसून कालावधीचा आहे. दोन वर्षांत जे दिले जाते ते एका वर्षात देता येईल काय, आणि देता येत नसेल तर नेमके काय गाळले जाईल, याचा विचार अगोदर होणे अगत्याचे आहे.

२. 'एक वर्ष' या शब्दाचे तीन अर्थ

एकवर्षीय व्यवस्थापन शिक्षण ही भारतात नवी गोष्ट नाही. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसने २००१ मध्ये आपला एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू केला. अहमदाबादच्या संस्थेने २००६ मध्ये अनुभवी अधिकाऱ्यांसाठी असाच अभ्यासक्रम आणला. येथे कालावधी कमी होता, कारण विद्यार्थी नोकरीचा अनुभव घेऊन वर्गात येत होता. कारखाना, विक्री किंवा बँक त्याने पाहिलेली असे. वर्गात त्या अनुभवाला केवळ शिस्त लावायची होती. हा पहिला अर्थ.

दुसरा अर्थ युरोप व अमेरिकेतील 'मास्टर इन मॅनेजमेंट' या पदवीचा. ही पदवी अनुभव नसलेल्या ताज्या पदवीधरासाठी असते. फायनान्शियल टाइम्स या दैनिकाने २००५ पासून तिची स्वतंत्र क्रमवारी प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, यावरून तिचा विस्तार ध्यानात येतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २००९ मध्ये सुरू केलेल्या अशा अभ्यासक्रमाच्या नावातच 'व्यवसायाचा पाया' या अर्थाचे शब्द होते. इतिहास, जीवशास्त्र वा साहित्य शिकलेल्या विद्यार्थ्याला हिशेबापासून विपणनापर्यंत सर्व काही पहिल्या पायरीपासून शिकवावयाचे, ही त्यामागील भूमिका होय. येथे अनुभवाची उणीव मान्य केलेली आहे, पूर्वज्ञानाचा अभावही मान्य केलेला आहे, आणि पदवीचे उद्दिष्टही पहिल्या नोकरीपुरते मर्यादित ठेवलेले आहे.

तिसरा अर्थ आपल्या नव्या धोरणातील आहे व तो या दोहोंपेक्षा वेगळा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर अभ्यासक्रम आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची, तर चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाची पदव्युत्तर पदवी घेता येते. प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास पदवीचा मुख्य विषय सोडून अन्य विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्याची मुभाही त्यात आहे. या दोन तरतुदी स्वतंत्रपणे वाचल्यास दोन्ही स्वागतार्ह वाटतात. त्या एकत्र वाचल्या की अडचण सुरू होते.

३. आराखड्यातील गृहीतक

महाराष्ट्र शासनाच्या २०२३ च्या श्रेयांक आराखड्यात द्विवर्षीय पदव्युत्तर पदवीसाठी ८८ श्रेयांक आहेत. पहिल्या वर्षाचे ४४ श्रेयांक पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यास पदव्युत्तर पदविका मिळते. चार वर्षांची पदवी घेतलेला विद्यार्थी मात्र थेट दुसऱ्या वर्षाचे ४४ श्रेयांक पूर्ण करून पदव्युत्तर पदवीधर होतो. यामागील तर्क उघड आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याचे पदवीचे चौथे वर्ष हे रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर पहिल्या वर्षाच्या तोलाचे मानले गेले आहे. विषयाचे सातत्य हे या रचनेचे गृहीतक होय.

हे गृहीतक रसायनशास्त्राकडून रसायनशास्त्राकडे जाताना टिकते, वनस्पतिशास्त्राकडून व्यवस्थापनाकडे जाताना टिकत नाही. तिसऱ्या व चौथ्या सत्रात वित्त, विपणन वा मनुष्यबळ यांतील विशेष विषय आणि संशोधन प्रकल्प अपेक्षित असतात. ज्याने ताळेबंद कधी वाचलेला नाही, खर्चाचे वर्गीकरण केलेले नाही, मागणीचा अंदाज बांधलेला नाही, त्याने थेट या टप्प्यावर येणे म्हणजे ग्रंथ मधूनच वाचावयास घेण्यासारखे आहे. शब्द ओळखीचे होतील, युक्तिवाद हाती लागणार नाही.

याहून गंभीर बाब कार्यप्रशिक्षणाची आहे. राज्याच्या आराखड्यात प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण अथवा क्षेत्रीय प्रकल्पाचे ४ श्रेयांक पदव्युत्तर पहिल्या वर्षात आहेत, आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीत ते चौथ्या वर्षात आहेत. परिणामी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी आपले प्रशिक्षण वनस्पतिशास्त्रात पूर्ण करून येईल व व्यवस्थापनाच्या वर्षात त्याच्या वाट्याला बाजारपेठेतील प्रशिक्षण बंधनकारक म्हणून उरणार नाही. एमबीएच्या दोन वर्षांमधील उन्हाळी सुटीत विद्यार्थी कंपनीत किंवा संस्थेत काम करतो. एकवर्षीय रचनेत अशी मधली सुटीच नसते. ज्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष व्यवहाराची सर्वाधिक गरज, त्याच्याच वाट्याला तो सर्वांत कमी येतो, हा या रचनेतील अंतर्विरोध होय.

येथे वर्षांचा साधा हिशेब मांडणेही उद्बोधक ठरेल. तीन वर्षांची पदवी व दोन वर्षांचे एमबीए मिळून पाच वर्षे होतात. चार वर्षांची पदवी व एक वर्षाची पदव्युत्तर पदवी मिळूनही पाचच वर्षे होतात. विद्यार्थ्याचा एकही दिवस वाचत नाही. फरक एवढाच की पहिल्या मार्गात पाचपैकी दोन वर्षे व्यवस्थापनाला मिळतात, दुसऱ्यात एकच. मूळ विषयात खरी गोडी असलेल्या विद्यार्थ्यासाठी हा सौदा वाजवी असू शकतो. मात्र 'लवकर होणारे एमबीए' म्हणून त्याचा प्रचार झाला, तर ती दिशाभूल ठरेल.

४. वाणिज्येतर पदवीधराचे भांडवल

या चर्चेत वाणिज्येतर विद्यार्थ्याकडे केवळ उणिवांचा धनी म्हणून पाहण्याची सवय दिसते. ती तपासून पाहणे आवश्यक आहे. नागपूरच्या औद्योगिक इतिहासातच याचे उत्तर सापडते. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा तिच्या व्यवस्थापनासाठी बेझनजी दादाभाई मेहता यांची निवड केली. मेहता रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातील होते. कापड गिरणीचा त्यांना अनुभव नव्हता. तरीही ही गिरणी देशातील नावाजलेल्या गिरण्यांमध्ये गणली गेली. परक्या क्षेत्रातून आलेला माणूस व्यवस्थापक होऊ शकतो, एवढे यातून निश्चित दिसते. पण ते रेल्वेचे ज्ञान व कामाचा दीर्घ अनुभव घेऊन आले होते, हेही विसरता येत नाही. ते रित्या हाताने आले नव्हते.

विदर्भातील आजच्या पदवीधराचे हात तरी रिते आहेत काय? वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला संत्र्याचा आंबिया व मृग बहार, बागेला द्यावयाचा ताण आणि फळगळ यांचे शास्त्र समजू शकते. झाडावरच बागेचा सौदा करणारा व्यापारी कोणती जोखीम स्वीकारतो व कोणती शेतकऱ्यावर ढकलतो, हा प्रश्न त्याच शास्त्राला वित्ताची जोड दिल्याशिवाय सुटत नाही. बांगलादेशाने संत्र्यावरील आयात शुल्क वाढवत नेल्याने वरुड-मोर्शी पट्ट्याला जो फटका बसला, त्यात फळाचे टिकाऊपण, वाहतूक, परराष्ट्र व्यापार आणि पर्यायी बाजारपेठ हे सारे प्रश्न एकवटले आहेत. नागपुरात केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे आणि पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्थाही आहे. विज्ञान पदवीधर व्यवस्थापकाला इतकी अनुकूल भूमी सर्वत्र आढळत नाही.

हीच गोष्ट मानव्यविद्यांची. समाजशास्त्राचा विद्यार्थी बुटीबोरीच्या कंत्राटी कामगारांचे प्रश्न समजून घेण्यास अधिक सिद्ध असतो. मराठी साहित्याचा विद्यार्थी वऱ्हाडी व झाडीबोली बोलणाऱ्या ग्राहकाची भाषा जाणतो. भूगोलाच्या विद्यार्थ्याला मिहानसारख्या मालवाहतूक केंद्राचे स्थानमहात्म्य स्पष्टपणे दिसते. तथापि, प्रचलित व्यवस्थापन अभ्यासक्रमात या ज्ञानाला जागा नाही. सर्वांना समान मानून तीच पाठ्यपुस्तके व महानगरी कंपन्यांची तीच उदाहरणे शिकवली जातात. विद्यार्थ्याने चार वर्षे जे मिळवले ते प्रवेशद्वारावरच काढून ठेवावे, अशी अपेक्षा असेल, तर चौथ्या वर्षाचे श्रेयांक मोजण्याला तरी काय अर्थ उरतो?

५. खर्च, सवलती आणि महाविद्यालये

ग्रामीण विदर्भातून नागपूरला येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी वसतिगृह, खाणावळ आणि न मिळालेली मजुरी हा शुल्काइतकाच मोठा खर्च असतो. सवलतींचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना, तसेच ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ करण्याचा जुलै २०२४ चा शासन निर्णय, या तरतुदी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेशी जोडलेल्या आहेत. नवी एकवर्षीय पदवी या प्रक्रियेच्या कक्षेबाहेर ठेवली गेली, तर दोन वर्षांचे एमबीए मुलीला शुल्कमुक्त आणि एका वर्षाची पदवी पूर्ण शुल्काची, अशी विपरीत स्थिती उद्भवेल. मग स्वस्त व महाग यांचा निर्णय कालावधीवरून करता येणार नाही.

महाविद्यालयांच्या बाजूनेही स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. विनाअनुदानित तत्त्वावर, तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या बळावर आणि जुन्याच वर्गखोल्यांत नवा अभ्यासक्रम सुरू करणे हा संस्थांसाठी सोपा मार्ग असतो. महाराष्ट्रातील विद्यापीठांत दीर्घकाळ चाललेल्या डीबीएम या व्यवसाय व्यवस्थापन पदविकेने अनेक नोकरदारांना उपयुक्त तोंडओळख करून दिली. पण ती पदविका आहे, याविषयी कोणाचा गैरसमज नव्हता. तोच आशय पदव्युत्तर पदवी या नावाने दिला गेल्यास नाव वाढेल, मोल वाढणार नाही.

६. एक आक्षेप

हेन्री मिंट्झबर्ग यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अनुभवहीन तरुणांना वर्गात बसवून व्यवस्थापक घडवता येत नाही, अशी भूमिका मांडली. ती मान्य केल्यास एक वर्ष काय आणि दोन वर्षे काय, दोन्ही व्यर्थ ठरतात. मग विद्यार्थ्याचा कमी वेळ घेणारा मार्गच बरा, असे म्हणता येईल. या आक्षेपात तथ्य आहे. मात्र त्यातून कालावधी घटवण्याचे समर्थन होत नाही, तर उलट त्या कालावधीत प्रत्यक्ष कामाचा वाटा वाढवण्याचे समर्थन होते. शिवाय एक वर्ष म्हणजे आपोआप हलका दर्जा, असाही ग्रह योग्य नाही. ब्रिटनमधील एकवर्षीय पदव्युत्तर पदवीला भारताने जुलै २०२२ च्या परस्पर मान्यता करारान्वये मान्यता दिली आहे. परदेशातील एक वर्ष ग्राह्य धरावयाचे व येथील एक वर्ष केवळ लांबीवरून नाकारावयाचे, ही भूमिका तर्कास धरून होणार नाही. त्या वर्षात काय घडते, हाच निकष असावयास हवा.

७. निष्कर्ष व सूचना

संलग्नित महाविद्यालयांत नवे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. त्या वर्षी प्रवेश घेतलेले विद्यार्थी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात असतील व २०२८-२९ मध्ये एकवर्षीय पदव्युत्तर प्रवेशास पात्र ठरतील. अभ्यास मंडळांच्या हाती असलेला अवधी अल्प आहे. या दृष्टीने पुढील सूचना विचारार्ह वाटतात.

(१) वाणिज्येतर पदवीधरांसाठीची एकवर्षीय पदवी ही द्विवर्षीय अभ्यासक्रमाचे दुसरे वर्ष म्हणून न चालवता स्वतंत्रपणे रचावी व ती पायापासून सुरू व्हावी.

(२) लेखांकन, संख्याशास्त्र व अर्थशास्त्र यांचे प्राथमिक विषय विद्यार्थ्याने पदवीच्या काळातच गौण विषय म्हणून घ्यावेत, यासाठी महाविद्यालयांनी ते कला व विज्ञान शाखांना उपलब्ध करून द्यावेत.

(३) व्यवस्थापन क्षेत्रातील कार्यप्रशिक्षण या वर्षात अनिवार्य असावे. पूर्वीच्या विषयातील प्रशिक्षण त्याला पर्याय मानू नये.

(४) संशोधन प्रकल्प विद्यार्थ्याच्या मूळ विषयावर आधारलेला असावा आणि त्याचे मार्गदर्शन व्यवस्थापन व त्या विषयाचा अध्यापक यांनी संयुक्तपणे करावे.

(५) शिष्यवृत्ती व शुल्कमाफीची पात्रता निश्चित झाल्याखेरीज प्रवेश देऊ नयेत.

या पाचही अटी पूर्ण करण्याची ज्या महाविद्यालयाची तयारी नसेल, त्याने आपल्या विद्यार्थ्यास दोन वर्षांच्या एमबीएचा रस्ता दाखवावा. पाच वर्षांअखेरीस दोन्ही विद्यार्थी एकाच वयाचे असतील व एकाच नोकरीसाठी एकाच रांगेत उभे असतील. त्या वेळी प्रमाणपत्रावरील नावाने नव्हे, तर हाती असलेल्या विद्येने त्यांचा निवाडा होईल.