तपासणी आणि नियमाचा पाठ : भूमिगत उच्चदाब केबलींसंबंधीच्या एका सुरक्षानियमाची चिकित्सा

सुरक्षेच्या नियमांकडे पाठ म्हणून पाहण्याची प्रथा नाही. नियम पाळावयाचा असतो, वाचावयाचा नसतो, अशीच एकंदर समजूत दिसते. तथापि नियम हाही अखेर शब्दांनीच बांधलेला असतो, आणि त्या शब्दांवर विसंबून माणूस जमिनीखाली उतरत असतो. जुन्या ग्रंथाच्या पाठाला जी कसोटी लावली जाते, म्हणजे एक वचन दुसऱ्या वचनाशी सुसंगत आहे काय आणि ज्याच्यासाठी ते लिहिले त्याला त्यातून निश्चित अर्थ मिळतो काय, तीच कसोटी येथे लावणे म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये. किंबहुना येथील विसंगतीचे मोल अधिक भारी आहे.

ह्या दृष्टीने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक नियम विचारार्ह आहे. तेथील श्रमखात्याच्या अखत्यारीतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासन 'ओशा' ह्या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. वीजनिर्मिती, पारेषण व वितरण ह्या कामांसाठी त्याने केलेला १९१०.२६९ हा नियम जानेवारी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि एप्रिल २०१४ मध्ये त्याची व्यापक सुधारणा झाली. त्यातील 'टी' हा परिच्छेद भूमिगत मांडणीविषयी, म्हणजे मॅनहोल आणि भुयारी कोठ्या ह्यांतील केबली व उपकरणे ह्यांविषयी आहे.

प्रथम ह्या पाठाचे गुण सांगितले पाहिजेत. केबल बिघडण्याच्या बेतात आहे हे कशावरून ओळखावे, ह्याची चार चिन्हे तो नावानिशी देतो : केबलीतून वा सांध्यातून तेल किंवा भरणद्रव्य गळणे, केबलीचे आवरण वा सांध्याची नळी फुटलेली असणे, पृष्ठभाग एखाद्याच जागी तापलेला असणे, आणि सांधा प्रमाणाबाहेर फुगलेला असणे. ही निवड अनुभवसिद्ध आहे. कागदी वेष्टनाच्या केबलीतील तेल गळाले की वेष्टनाची विद्युत्‌रोधक शक्ती घटते. शिशाचे आवरण चिरले की त्या वाटेने ओल आत शिरते. फुगलेला सांधा आत वायूचा दाब साठल्याची साक्ष देतो. ह्यांपैकी एखादे चिन्ह दिसले तर ते संभाव्य बिघाडाचे लक्षण मानले जाईल, असे नियम सांगतो. 'मानले जाईल' हा शब्दप्रयोग मोलाचा आहे. केबल खरोखरच फुटणार होती हे सिद्ध करण्याचा भार त्यामुळे कामगारावर पडत नाही. असे चिन्ह असलेली केबल कोणीही आत काम करण्यापूर्वी विद्युत्‌प्रवाहापासून तोडली पाहिजे. भारपरिस्थितीमुळे ते अशक्य असेल आणि दुसरा व्यवहार्य मार्ग नसेल, तर स्फोटाचा परिणाम अडवू शकणाऱ्या ढालीसारख्या साधनांच्या आडोशानेच काम करावे. बंदिस्त कोठीत उच्चदाबाची ठिणगी पेटली, तर तापलेल्या वायूला बाहेर पडण्यास माणूस उभा असलेल्या वाटेवाचून दुसरी वाट बहुधा नसते. हे ध्यानात घेता ही तरतूद कठोर नव्हे, केवळ वास्तव आहे.

परंतु ह्याच परिच्छेदात दुसरी एक तरतूद आहे. चालू केबली असलेल्या मॅनहोलमध्ये काम सुरू असताना प्रथमोपचार जाणणारा एक माणूस वर, तोंडाजवळ उपस्थित असावा, असा सामान्य दंडक घालून दिल्यावर नियम एक अपवाद करतो. पाहणी, साफसफाई, मापांची नोंद अशा कामांसाठी एकट्या कामगाराने थोडा वेळ आत उतरण्यास हरकत नाही. मात्र सर्व विद्युत्‌धोक्यांपासून त्याचे संरक्षण होईल हे मालकाला दाखवून देता आले पाहिजे.

ही दोन वचने शेजारी ठेवून वाचली की विसंगती उघड होते. बिघाडाची चिन्हे प्रायः तपासणी करणाऱ्याच्याच दृष्टीस पडतात. तो उतरण्यापूर्वी ती कोणाला ठाऊक नसतात. म्हणजे तपासनीस सुरक्षित आहे असे ज्या माहितीच्या बळावर म्हणावयाचे, ती माहिती आणण्यासाठीच त्याला खाली पाठवावयाचे. साध्य तेच साधन झाले आहे. तपासणीला झाडलोटीच्या पंक्तीला बसवून पाठाने तिला हलके काम ठरविले. वास्तविक अज्ञात अवस्थेतील केबलीच्या सान्निध्यात सर्वांत आधी जाणारा माणूस तोच असतो.

ह्यावर एक उत्तर संभवते, आणि ते दुर्लक्षणीय नाही. नियमाच्या आरंभीच असे सामान्य कलम आहे की, कामाच्या सुरक्षेशी संबद्ध अशी तारांची व उपकरणांची विद्यमान स्थिती काम सुरू करण्यापूर्वी निश्चित केली पाहिजे. हे कलम तपासणीलाही लागू आहे, तेव्हा विसंगती उरत नाही, असे म्हणता येईल. पण स्थिती निश्चित करणे हेच जेव्हा काम असते, तेव्हा 'कामापूर्वी' ह्या शब्दाला कोणता अर्थ राहतो? त्या कलमाने प्रश्न सुटत नाही. तो फक्त एक पायरी मागे सरकतो.

प्रश्न सोडविण्याची रीत मात्र त्याच नियमात अन्यत्र सापडते. बंदिस्त जागेतील हवेविषयीची कलमे पाहावीत. झाकण काढण्यापूर्वी आतबाहेर दाब वा तापमान ह्यांत फरक आहे काय हे पाहावयाचे. उतरण्यापूर्वी प्राणवायू पुरेसा आहे काय व ज्वालाग्राही वायू आहे काय हे उपकरणाने मोजावयाचे. आत जाऊन श्वास घ्यावा आणि हवा विषारी आहे की नाही ते ठरवावे, असे नियमकर्त्याला सुचलेले नाही. हवेला जो न्याय लावला तो केबलीला का लावू नये? इन्फ्रारेड कॅमेरा दांडीला बांधून तोंडातून खाली सोडता येतो. विद्युत्‌रोधकातील अंशतः विसर्जन केबलीच्या टोकाशी, उपकेंद्रात बसून मोजता येते. ही साधने सर्वज्ञ नाहीत, हे खरे. भार कमी असताना सदोष सांधाही थंड दिसतो. विसर्जनाचा संकेत लांबच्या अंतरावर क्षीण होतो. आणि मॅनहोलमध्ये पाणी साचले असेल तर कॅमेऱ्याला केबल दिसतच नाही. तरीही 'दाखवून देता आले पाहिजे' ह्या शब्दांना आशय द्यावयाचा असेल, तर उतरण्यापूर्वी बाहेरून मिळविलेला पुरावा, एवढाच तो असू शकतो. पाठाने हे स्पष्ट म्हटलेले नाही, हा त्याचा मुख्य दोष होय.

भारतीय नियमाशी तुलना केली असता एक वेगळाच गुण दिसतो. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांत ६५० व्होल्टच्या वर ३३,००० व्होल्टपर्यंतच्या दाबाला उच्च दाब म्हटले होते. त्यांतील छत्तिसाव्या नियमाप्रमाणे वाहकाला हात लावण्यापूर्वी भूसंपर्काने वा अन्य योग्य रीतीने त्यातील विद्युत्‌भार काढून टाकावयाचा, धोका असल्यास लगतच्या वाहकाचाही काढावयाचा, आणि काम चालू असता तो चुकून पुन्हा भारित होणार नाही अशी व्यवस्था करावयाची. हे नियम पुढे मागे पडले. २०१० मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाचे विनियम आले. परंतु त्या जुन्या वाक्याची रचना आजही आदर्श वाटते, कारण प्रवाह तोडणे आणि भार काढणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत हे त्यात गृहीत आहे. केबल हा एक लांबलचक धारित्रच असतो. प्रवाह तोडल्यावरही भार त्यात राहतो, आणि एकदा काढल्यावरही रोधकात मुरलेला भार काही वेळाने पुन्हा दाब निर्माण करू शकतो. म्हणून भूसंपर्क नुसता लावून भागत नाही; तो लावलेला ठेवावा लागतो.

मराठीत सूचना लिहिणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहिले पाहिजे. 'लाइन बंद आहे' हे आपल्याकडील रूढ वाक्य चार निरनिराळ्या अवस्था एकाच शब्दात कोंबते : स्विच उघडला आहे; दोन्ही बाजूंनी विलग करून कुलूप घातले आहे; उपकरणाने तपासून दाब नाही अशी खात्री केली आहे; भूसंपर्क जोडला आहे. ह्यांपैकी चौथीच हात लावण्याजोगी होय, आणि तीही हीच ती केबल अशी ओळख पटल्यावर. मुंबई शहरात बेस्टचे वितरण भूमिगत केबलींवर चालते. तेथे रस्त्याखाली एकमेकींसारख्या दिसणाऱ्या केबली शेजारी-शेजारी असताना 'बंद' हा शब्द नेमका कोणत्या केबलीला उद्देशून उच्चारला गेला, हे शब्दावरून कळत नाही. चार अवस्थांना चार शब्द देणे हा शुद्धतेचा हट्ट नव्हे.

नियमाचा पाठ निर्दोष असला म्हणजे अपघात टळतात असे नाही. परंतु पाठात जी जागा संदिग्ध राहते, ती घाईच्या वेळी कोणीतरी सोयीच्या अर्थाने भरून काढतो, आणि खाली उतरणारा माणूस बहुधा तो अर्थ लावणारा नसतो. तपासणीला हलके काम न मानता सर्वांत आधीचे व म्हणूनच सर्वांत अनिश्चित काम मानणे, एवढी एक दुरुस्ती ह्या पाठात झाली, तर त्यातील इतर चांगल्या तरतुदींना त्यांचे खरे बळ प्राप्त होईल.